काबरीला घाई नव्हती

जनावरं घरातल्या माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. छबू बोलताना अडखळायची. घरचा पोपट हुशार. तिचा शब्द अडकला की तोच पुरा करून टाकायचा. हळूहळू छबूनं घरात बोलणंच सोडलं.

फक्त काबरी शेळीला चरायला नेलं की बांधावर बसून ती तिला सगळं सांगायची. कधी कधी एक वाक्य संपेपर्यंत काबरीचं अर्धं झुडूप संपायचं.

पोपट एकदा म्हणाला, "काबरे, तुला शब्द सुचत नाहीत, म्हणून गप्प बसतेस ना?"

"सुचतात की," काबरी म्हणाली. "पण ते तिचे आहेत. आणि मला कसली घाई? पाला भरपूर आहे."

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "छबे, आज कुठवर गेलीस गं?"

"न... न..."

"नदीवर," पोपट म्हणाला.

"थां... थांब रे," छबू म्हणाली. बाबांचा घास हातातच राहिला. "न... नरसूमामांच्या मळ्यात. आणि काबरीनं त्यांचं मुं... मुंडासं खाल्लं."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. पोपट दांडीवरून खाली वाकला.

"मग?" त्यानं विचारलं, आणि गप्प राहिला.