पूर्वेच्या काठाचं पाणी

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सकाळी धुकं होतं आणि उत्तरेचा वारा अंगाला झोंबत होता. पाखरं एकमेकांशी बोलत त्या काळातला हा दिवस. हिमालयातल्या सरोवरावरून राजहंस माळावरच्या तळ्यावर उतरला.

गेल्या हिवाळ्यात तो याच तळ्याचा अभ्यास करून गेला होता. पूर्वेच्या काठावर अंड्यांतून पिल्लं का निघत नाहीत, हा प्रश्न टिटवीचा. महिनाभर सगळे काठ हिंडून तिनेच त्याला दाखवले होते.

"टिटवीताई, आमच्या सभेत माझ्या शोधाचं फार कौतुक झालं," हंस म्हणाला.

"छान झालं, हंसदादा. पण अंड्यांचं काय कळलं?"

"पूर्वेच्या काठाशी खारे झरे आहेत, म्हणून तिथलं पाणी खारट आहे. उन्हात तुम्ही पोट भिजवून अंडी गार करता ना, तेव्हा कवचावर मीठ साचतं आणि आतलं पिल्लू गुदमरतं. हे तर मी इथून निघण्याआधीच ओळखलं होतं."

"निघण्याआधी?" टिटवीचा आवाज चढला. "अहो, यंदाही मी तिथंच अंडी घातली. चारही गेली. जाता जाता एक हाक मारायला चोच दुखत होती का?"

हंसाची मान खाली गेली. सरोवरावर त्याने हे तीनदा सांगितलं होतं. इथे सांगायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"पुढच्या सभेत तुमचं नाव पहिलं घेईन," तो पुटपुटला, आणि बोलता बोलताच त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाव घ्या हो. आधी या काठावर सगळ्यांना सांगा."

हंस पूर्वेच्या काठावर प्रत्येक पाखरापाशी जाऊन सांगत राहिला.

उन्हाळ्यात टिटवीने पश्चिमेच्या काठावर चार अंडी घातली. तीन पिल्लं निघाली.