सत्काराचं ताक

खदान वस्तीत एकही संडास नव्हता, बायकांचे तर फार हाल होत. समाजसेविका मालनताई त्यासाठी नगरपालिकेत अठरा वेळा जाऊन आल्या. चपलांचे दोन जोड झिजले, पण बाईचं हसणं काही कमी होईना. एकोणिसाव्या खेपेला निंबकर साहेबांनी चष्म्यावरून बघत फाईल पुढे सरकवली.

"बाई, तुमचा संडास बांधून झालाय. वापरातही आहे. हा बघा शिक्का!"

दुसरी एखादी रडली असती. मालनताईंचे डोळे लकाकले.

"अगंबाई! मग तुमचा सत्कारच करायला हवा. रविवारी फाईल घेऊन वस्तीवर या."

सत्कार म्हटल्यावर साहेब कडक इस्त्रीत हजर! शाल झाली, नारळ झाला आणि मग घराघरांतून ताक येऊ लागलं. "आमच्या घरचं नाही का घेणार?" म्हणत बायकांनी साहेबांना अकरा पेले पाजले. बारावा पेला दिसताच साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले.

"ताई," ते कुजबुजले, "जरा जाऊन यायचं होतं. कुठे जाऊ?"

मालनताईंनी त्यांचीच फाईल उघडून अदबीनं पुढे धरली.

"हा काय साहेब, वापरातच आहे. जा की आत! कडी तेवढी लावून घ्या."