राखवाडीची पवनचक्की

एका अरण्यात एक राजा राज्य करत होता. तो सिंह होता. याखेरीज त्याची दुसरी काही पात्रता होती असं कुणी म्हणत नसे, आणि नव्हती असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

राजाचा महाल टेकडीवर होता. महालात सदैव लखलखाट असे आणि तो लखलखाट पुरवायला टेकडीच्या पायथ्याशी कोळशाची भलीमोठी भट्टी धगधगत असे. उजेड वर जाई, धूर खाली येई. खाली राखवाडी होती. पूर्वी तिचं नाव मोगरवाडी होतं. त्या राज्यात फर्मान न काढता बदललेलं हे एकमेव नाव.

राखवाडीची सरपंच होती गयाबाई साळिंदर. अंगावर काटे, पण बोलणं मऊ. म्हणून बिनविरोध निवडून आलेली. शेवंता सशिणीचं धाकटं पिल्लू खोकून खोकून गेलं, तेव्हा गयाबाईनेच खड्डा खणला. माती सारली, पंजे धुतले आणि तशीच राजधानीची वाट धरली. दरबाराने नुकतीच दवंडी पिटली होती : ‘स्वच्छ श्वास, सर्वांस! ज्या गावांनी धुराचा अन्याय सोसला, त्यांना न्यायही मिळेल आणि निधीही!’

दरबाराचे सचिव होते तरससाहेब. तरसाचं तोंड मुळातच हसरं, त्यामुळे त्यांनी नकार दिला तरी प्रजा आभार मानून परतत असे.

“वा, सरपंचबाई, फार जिव्हाळ्याचा विषय आणलात,” तरससाहेब म्हणाले. “धूर आहे एवढं सिद्ध करा, निधी तुमचाच.”

“साहेब, खिडकीतून बघा की. दिसतोय.”

“दिसतं ते दरबारात चालत नाही, बाई. पाहणी व्हावी लागते.”

पाहणीला मोरांची समिती निघाली. मान्यवरांचे पिसारे काळवंडू नयेत म्हणून त्या दिवशी भट्टी विझवण्यात आली. समितीने वर पाहिलं. आकाश निळंशार होतं. राखवाडीच्या पिल्लांनी असलं आकाश कधी पाहिलंच नव्हतं. ती घाबरून आयांच्या पोटाखाली लपली. समितीने अहवाल दिला : ‘गावात धूर आढळला नाही. मात्र बालके आकाशास भितात. त्यांच्या संस्कारांकडे लक्ष द्यावे.’

गयाबाई पुन्हा राजधानीत गेली. तोवर नवं फर्मान निघालं होतं. धूर, खोकला आणि अन्याय हे तीन शब्द दरबारी कामकाजातून वगळण्यात आले होते. राज्यात यापुढे फक्त धुकं असणार होतं.

“मग अर्जात लिहू तरी काय?” गयाबाईने विचारलं.

“असं लिहा,” तरससाहेब प्रेमाने म्हणाले, “की महाराजांच्या प्रकाशाखाली आमचं गाव सुखात आहे, आणि आणखी सुखात राहावं म्हणून एक पवनचक्की मिळावी.”

गयाबाईचे काटे ताठ झाले. डोळ्यांपुढे खड्ड्यातलं ते इवलंसं पिल्लू आलं. तिला वाटलं, शब्द गेला तर जाऊ दे, वाऱ्यावरचा उजेड आला तर भट्टी आपोआप विझेल. तिने मान खाली घालून लिहिलं.

पवनचक्की आली. ती महालाच्या सज्जातून दिसावी म्हणून भट्टीशेजारी उभारण्यात आली. तिथे टेकडीच्या आडोशामुळे वारा नव्हता. पाती हलेनात.

“उद्घाटनाला महाराज येणार आणि चक्की ठप्प?” तरससाहेब कडाडले. “भट्टीवरच्या यंत्राचा पट्टा जोडा हिला!”

पट्टा जोडला. पाती इतकी जड की एक भट्टी पुरेना. मग शेजारी दुसरी बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘स्वच्छ ऊर्जा साहाय्यक भट्टी’. खर्च अर्थातच योजनेतून.

उद्घाटनाला अख्खी राखवाडी हाकून आणली. शेवंता तेवढी घरी राहिली; उरलेली पिल्लं तिला मोकळ्यावर आणवेनात.

“बंधूंनो, भगिनींनो आणि भक्ष्यांनो!” महाराज गरजले. “मागच्या राजांनी तुम्हाला काय दिलं? नुसता वारा! आम्ही वाऱ्याला कामाला लावलं!”

चक्की गरगरत होती, दोन्ही भट्ट्या भडकल्या होत्या. टाळ्या वाजवायला कुणाला दमच उरला नव्हता; सगळे छाती धरून खोकत होते. दरबारी चंडोलाने बातमी दिली : ‘महाराजांच्या भाषणाने प्रजेचा कंठ दाटून आला आणि डोळ्यांतून अश्रू वाहू लागले.’ बातमीत खोटं असं काही नव्हतं.

आभाराला गयाबाईला उभं केलं. भाषण लिहून दिलेलं होतं. तिने ते बाजूला ठेवलं. आवाज स्वच्छ होता.

“महाराज, ही चक्की धुरावर फिरतेय. आमची लेकरं मरताहेत. भट्टी विझवा. आम्हाला दुसरं काही नको.”

महाराज तरससाहेबांकडे झुकले. “काय म्हणतेय ही?”

“आम्हाला काही नको म्हणतेय, महाराज.”

महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे राखवाडीला ‘समाधानी ग्राम’ हा किताब बहाल केला. समाधानी गावाला पुढे कुठलाच निधी मिळत नाही, हे गयाबाईला नंतर कळलं.

किताब मिळाला तशी गावोगावची शिष्टमंडळं राखवाडी बघायला येऊ लागली. नदीकाठच्या गावाचा सरपंच, एक खवलेमांजर, गयाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, आमच्याकडेही भट्टी पेटवणार म्हणतात. खरं सांगा, कुठली योजना धरू?”

“योजना नको धरू, दादा. सगळी गावं मिळून जाऊ आणि भट्ट्याच विझवायला लावू. पाण्याने विझतात त्या. दमडीचाही खर्च नाही.”

खवलेमांजराने हळू आवाजात विचारलं,

“खर्चच नाही? मग ताई, ते मंजूर कोण करेल?”