सुंदराक्काची पाठराखीण

खाडीकाठच्या एका गावात एक बाई होती, सुंदराक्का तिचं नाव. मनानं अगदी लोणी, आणि हाताला चव अशी की तिची आमटी वासावरून ओळखावी. पण झाडांच्या बाबतीत मात्र तिच्या हाताला गुण नव्हता. तिनं लावलेली जास्वंद वाळली, मोगरा कुजला, अबोलीनं महिनाभरात मान टाकली. एकदा कुणीतरी तिला निवडुंग आणून दिला. म्हणाले, हा दगडावरसुद्धा जगतो. दगडावर जगलाही असता, पण सुंदराक्काच्या अंगणात काही तो जगला नाही.

गाव हसायचं. शेजारची वच्छीवहिनी म्हणायची, "अक्काच्या घरात एकच फूल टिकलं, ते म्हणजे तिची लेक शेवंती!"

ही शेवंती आता लग्नाची झाली होती. आश्विनात लग्न ठरलं आणि वैशाखातली तिथी धरली. खाडीपलीकडचं घर, माणसं चांगली, मुलगा शेवंतीला स्वतःला पसंत. सगळं छान जमून आलं होतं. तरी अक्काला एक घोर होताच.

कारण त्या गावाची एक रीत होती. नवरीबरोबर पहिले चार दिवस सासरी सोबतीला एक बाई जाते, तिला पाठराखीण म्हणतात. पण चार दिवसांनी ती परत येते आणि नवरी त्या नव्या घरात एकटी पडते. म्हणून या गावात नवरीला आणखी एक पाठराखीण द्यायचे, कधीही परत न येणारी. ती म्हणजे कुंडीतलं झाड. आईनं ते आपल्या हातानं सांभाळलेलं असावं आणि तिच्या घरी त्याला निदान एक नवं पान फुटलेलं असावं, एवढीच अट. लग्नाच्या दिवशी गावातल्या पाच थोरल्या बायका येऊन ते पान बघायच्या, हळदीकुंकू लावायच्या, आणि मगच नवरीची होडी सुटायची.

"त्यात काय एवढं?" वच्छीवहिनी म्हणाली. "माझी सदाफुली घे. कशी फोफावलीय बघ. कुणाला कळणार आहे?"

शेवंतीनं मान हलवली. "मला आईच्या हातचीच हवी. वाळकी असली तरी चालेल."

"वाळकी कशी चालेल?" अक्काचे डोळे भरून आले. "लोकांचं जाऊ दे गो. पण तिकडे तुला माझी आठवण येईल, तेव्हा बघायला काहीतरी हिरवं नको?"

गावाच्या टोकाला एक म्हातारा तांडेल राहायचा. तरुणपणी तो मोठ्या गलबताचा प्रमुख होता. दूरच्या गरम मुलखांतून बाकीच्यांनी लवंगा आणल्या, कापड आणलं. यानं झाडं आणली. त्याच्या पडवीत अशी झाडं होती की गावात कुणी त्यांची नावंही ऐकली नव्हती. एक झाड मातीशिवाय नुसत्या फळीवर वाढायचं आणि त्याची पानं सांबराच्या शिंगांसारखी होती. दुसऱ्याची पानं हुबेहूब कलिंगडाची साल, हिरव्यावर पांढुरके पट्टे आणि देठ लालचुटूक. तिसरं एक तिन्हीसांजेला पानं वर मिटून हात जोडल्यासारखं उभं राहायचं. देवापाशी दिवा लावता लावता तांडेल त्याच्याकडे बघून म्हणायचा, "या घरात देवभक्त काय तो हा एकटाच."

अक्का पडवीत आली आणि पदर खोचूनच बोलायला लागली. "आजोबा, यातलं जे सगळ्यात जास्त कष्ट मागतं ना, ते झाड मला द्या. मी मागे हटणारी नाही."

तांडेल तिला चांगला ओळखून होता. जास्वंदीपासून निवडुंगापर्यंत सगळ्यांच्या कहाण्या त्याच्या कानावर आल्या होत्या.

"तुला मी काहीच न मागणारं देतो," तो म्हणाला आणि कोपऱ्यातून एक कुंडी घेऊन आला. पाच जाड हिरवे दांडे, आणि दोन्ही बाजूंना अशी चकचकीत पानं की कुणी रोज तेलाचं बोट लावून पुसत असावं. "हिला मी आळशीण म्हणतो. शिकाऊ हाताला हिच्यासारखं झाड नाही. उन्हात ठेवू नको, घरात उजेडाला ठेव. खत नको, छाटणी नको. फक्त अधूनमधून पाणी विचारत जा."

"एवढंच?"

"एवढंच. पण तेवढं नीट कर."

आता गंमत बघा. आपल्याकडे पाणी विचारणं म्हणजे काय? दारात माणूस आलं की आपण तांब्याभांडं पुढे करतो, त्यालाच म्हणतात पाणी विचारणं. खरं तर विचारत कुणीच नाही. हवं की नको हे पाहुण्यानं सांगायच्या आत भांडं त्याच्या हातात असतं. आणि सुंदराक्का तर या बाबतीत साऱ्या गावाच्या वरताण. तिच्याकडे पाणी नको म्हटलं, तर ती कोकम सरबत करून आणायची.

तेव्हा तिनं आळशिणीला पाणी विचारायला सुरुवात केली. सकाळी चूल पेटली की एक तांब्या. दुपारची जेवणं झाली की एक. संध्याकाळी अंगण शिंपलं की एक. मध्ये कुणी आलं-गेलं तर त्याला एक भांडं आणि झाडाला एक. "एकाला द्यायचं आणि दुसऱ्यानं बघत बसायचं, हे बरं दिसत नाही," असं ती म्हणायची. नुसतं पाणी तरी किती दिवस द्यायचं, म्हणून मधूनच तांदळाचं धुवण, ताकावरची निवळ.

मार्गशीर्ष लागला आणि दोन दांडे पिवळे पडले. अक्काला वाटलं, तहान भागत नसेल. तिनं पाणी वाढवलं. मग चार दांडे पिवळे पडले. आणि एके सकाळी त्यातला एक दांडा हात लावताच पिकल्या केळ्यासारखा लिबलिबीत होऊन आडवा झाला. अक्कानं कुंडी कमरेवर घेतली आणि तशीच अनवाणी तांडेलाकडे धावली.

तांडेलानं कुंडी उपडी केली. आधी चिखल ओघळला, मग आंबूस वास सुटला. मुळांशी बटाट्याएवढाले गड्डे होते. सगळे मऊ आणि काळे पडलेले, एक तेवढा टणक.

"हे बघितलंस? हे हिचं पाण्याचं कोठार. महिनाभर कुणी फिरकलं नाही तरी ही पोटातलं पिऊन राहते. तू तिला बुडवलीस गो! मी काय सांगितलं होतं?"

"पाणी विचारत जा म्हणालात. दिवसातून चारदा विचारलं हो मी!"

"मग? काय म्हणाली?"

अक्का म्हणाली, "झाड कुठं बोलतं, आजोबा?"

"उत्तर आलं नाही, तर दिलंस कशाला?"

अक्का ओघळलेला चिखल हातानं गोळा करायला लागली.

"विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं," तांडेल जरा नरमाईनं म्हणाला. "मातीत बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत. ओल लागली तर ती नको म्हणतेय. कोरडं ठणठणीत लागलं तर हो म्हणतेय. झाडं बोलतात, फक्त आपला तांब्या त्यांच्या आधी बोलतो."

अक्का पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "म्हणजे माझ्या हाताला गुण नाही असं नाही. माझ्या हाताला दमच नाही."

"दम काय, सवयीनं येतो," तांडेल म्हणाला. त्यानं कुजलेलं सगळं कापून टाकलं. टणक गड्डा आणि त्यावरचा एकुलता एक हिरवा दांडा रेतीमिश्रित, जेमतेम ओलसर मातीत लावला, आणि कुंडी अक्काच्या हातात दिली. "आता महिनाभर हिच्याकडे नुसतं बघायचं."

तो महिना अक्काला वर्षासारखा गेला. हात नुसते शिवशिवायचे. ती तांब्या भरायची, मातीत बोट घालायची, बोटाला ओल लागायची. मग भरलेला तांब्या कुठेतरी रिता करायलाच हवा. अंगणात दिवसातून पाचदा सडा पडू लागला. वच्छीवहिनीच्या म्हशीला विनाकारण दोनदा आंघोळ घडली. दाराची पायरी इतकी धुतली गेली की अक्काचा नवरा तिच्यावरून दोनदा घसरला.

पण विचारायची सवय अशी असते की ती कुंडीपाशी थांबत नाही. एके दुपारी शेवंती जेवायला बसली होती. अक्का नेहमीसारखी तिच्या भातावर तूप वाढायला वाकली, आणि तिचा हात मध्येच थबकला.

"वाढू?" तिनं विचारलं.

शेवंतीनं चमकून वर बघितलं. वीस वर्षांत हा प्रश्न तिला या घरात कुणी केला नव्हता.

"अर्धा चमचा," ती म्हणाली. मग जरा भीतभीत, "आई, एक सांगू? मला शेवयांची खीर आवडत नाही."

"अगो, पण दर वाढदिवसाला दोन दोन वाट्या खातेस की!"

"तू वाढतेस म्हणून."

अक्काला आधी वाईट वाटलं. मग त्या वीस वर्षांच्या वाट्या डोळ्यांपुढे आल्या आणि तिला हसू फुटलं. दोघी इतक्या हसल्या की शेवंतीला ठसका लागला. "मग आवडतं तरी काय तुला?" अक्कानं विचारलं. शेवंती सांगायला लागली, आणि ताटातला भात वाळला तरी ती सांगतच होती. लेकीच्या मनात एवढं काही आहे, हे अक्काला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. आळशीण जिवंत होती, पण नवं पान काही दिसेना. माती कोरडी झाली की अक्का तिला पाणी द्यायची आणि पुन्हा वाट बघत बसायची. चैत्रही तसाच सरला. वच्छीवहिनी येता-जाता सदाफुलीची आठवण करून द्यायची.

लग्नाला बारा दिवस उरले असताना मातीतून एक जाड हिरवं टोक वर आलं. अक्का अशी ओरडली की अर्धी आळी गोळा झाली. तो कोंब रोज थोडा थोडा वाढत वीतभर झाला. पण त्याची पानं दांड्याला घट्ट मिटलेली, घातलेल्या वेणीसारखी. लग्नाचा दिवस उजाडला तरी मिटलेलीच.

पाच थोरल्या बायका यायच्या आधी वच्छीवहिनी घाईघाईनं आली. तिनं कोंब बघितला आणि कपाळाला हात लावला. "अक्का, वरचं एक पान नखानं सोडव. आत पान आहेच ना? मग एवढीशी मदत केलीस तर काय बिघडलं?"

अक्का कुंडीपुढे बसली. नख लावायचाच काय तो अवकाश होता. मुंडावळ्या बांधलेली शेवंती दारातून बघत होती. अक्कानं कोंबाला बोट लावलं. कोंब टणक होता, कुठेच सैल नव्हता. तिनं बोट मागे घेतलं.

"नको म्हणतेय," ती म्हणाली.

"अगो, होडी अडेल! बाहेर ओहोटी लागलीय. तासाभरात निघाली नाही तर चिखलात रुतेल."

"मला काय ते कळत नाही? पण आज ओरबाडून उघडलं तर उद्या सुकेल. आजवर खूप झाडांना घाई केली मी वहिनी, हिला नाही करणार."

बायका आल्या. सगळ्यांत पुढे थोरल्या काकी, गावात वयानं आणि शब्दानं मोठ्या. त्या वाकून म्हणाल्या, "पान कुठाय?"

"आत आहे. अजून उघडलं नाही."

मागे कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, रीत ती रीत. कुणी म्हणालं, सुंदरेच्या हाताला गुण नाही हे काय आज कळतंय! बाहेर होडीवाला लवकर निघा म्हणून हाका मारत होता.

"सुंदरे, हे नखानं उघडता आलं असतं," थोरल्या काकी म्हणाल्या. "आम्हाला कळलंही नसतं. का नाही उघडलंस?"

"त्याची वेळ झालेली नाही, काकी."

काकींनी तो मिटलेला कोंब नीट निरखला. मग त्यांनी दारातल्या शेवंतीकडे बघितलं. मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि हळूच कोंबाला टेकवलं.

"फुटलंय आईच्या घरी, उघडेल सासरी," त्या म्हणाल्या. "आपल्या पोरींचं तरी दुसरं काय होतं? सोडा होडी!"

होडी निघाली, तेव्हा काठावर चिखल दिसायला लागला होता. अक्कानं लेकीसाठी शंभर सूचना पाठ करून ठेवल्या होत्या, पण त्यातली एकही दिली नाही. ती नुसती हात हलवत राहिली. शेवंतीनं कुंडी मांडीवर घट्ट धरली होती.

अकराव्या दिवशी पलीकडून निरोप आला. सगळी पानं उघडली होती, मोजून चौदा, आणि शेवंतीही नव्या घरात आता बोलू-हसू लागली होती. अक्कानं तो निरोप होडीवाल्याकडून तीनदा म्हणून घेतला.

त्या वर्षापासून त्या गावाची रीत बदलली. नवरीबरोबर आता मिटल्या कोंबाचीच पाठराखीण देतात. उघडलेलं पान आणलं, तर थोरल्या काकी नाक मुरडतात आणि म्हणतात, "मग सासरी उघडायला काय ठेवलंत?"

तात्पर्य: द्यावं भरभरून, पण आधी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत हात आवरावा; रोप असो की लेकरू, ते आपल्या घाईनं नाही, त्याच्या वेळेनं उमलतं.