न फुटणारा नारळ

साहेब लोकांना फुटणाऱ्या वस्तूंचा भारी राग असतो बघा! रंगाच्या कारखान्यातले घारपुरेसाहेब त्यातलेच. तिथली टाकी दहा किलोपर्यंतचाच दाब सोसणारी, म्हणून तिच्यावरची पातळ चकती नऊलाच फुटून दाब बाहेर सोडायची. पण चकती फुटली की काम बंद.

"खोपकरबाई, पंधराला फुटणारी चकती मागवा!"

"साहेब, मग आधी टाकीच फुटेल. खाली माणसं असतात." इंजिनिअर विनया खोपकर हे सांगून सांगून थकल्या होत्या.

"मला न फुटणारी वस्तू पाहिजे. दसरा झाला की ऑर्डर गेलीच पाहिजे!"

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. बाईंनी काथ्याने मढलेला नारळ साहेबांच्या हाती दिला.

"भलताच जड आहे हो!"

"पाणी भरपूर असेल," बाई जांभई आवरत म्हणाल्या.

साहेबांनी तो दाणकन आपटला. त्यांच्या लाडक्या संगमरवरी पायरीचे दोन तुकडे झाले आणि काथ्यातून लोखंडी गोळा घरंगळत बाहेर आला.

"हे काय आणलंत?"

"न फुटणारी वस्तू, साहेब. ती फुटली नाही, की तिच्या खालचं फुटतं."

साहेब पायरीकडे बघत राहिले, मग टाकीकडे. "नऊचीच मागवा," ते पुटपुटले.

बाईंनी थकल्या हातांनी पिशवीतून खरा नारळ काढला.