खोकला नसलेली मुलगी

ताईचं लग्न ठरेपर्यंत ही गोष्ट घरात काढायची नाही, असे मावशीने मला बजावले आहे. मी मान हलवली होती. पण लिहिणे म्हणजे काही सांगणे नव्हे, म्हणून लिहिते.

पुष्कळ, पुष्कळ वर्षांपूर्वी उत्तरेच्या थंड मुलखात मांचू लोकांचे राज्य होते. त्या राज्यात एक सरदार होता. तो रोज उजाडायच्या आत राजवाड्याच्या दगडी अंगणात जाऊन उभा राही. हिवाळ्यात मिशांवर बर्फ जमे, तरी हलत नसे. सम्राटापुढे स्वतःला ‘आपला गुलाम’ म्हणवून घेण्याचा मान फक्त मांचू सरदारांना होता. तो मान त्याने तीस वर्षे सांभाळला होता.

त्या दरबारात माणसाची पायरी टोपीवरच्या मण्यावरून कळे. सरदाराचा मणी आधी पांढरा होता. त्याची बहीण थोरल्या सम्राटाची राणी झाली, तेव्हा तो निळा झाला. सगळ्यात वरचा लाल मणी मात्र अजून लांब होता. आता सरदाराचे गुडघे दुखत. पहाटे उठताना ‘कशासाठी?’ हा प्रश्नही त्याच्याबरोबर उठे. पण मणी निळाच होता, म्हणून तो जात राहिला.

थोरले सम्राट वारले. धाकटे गादीवर आले. तिथली रीत अशी, की सरदारांच्या मुली चौदा वर्षांच्या झाल्या की आधी राजवाड्यात दाखवायच्या. निवडली ती आत गेली. नाही निवडली, तरच तिचे लग्न बाहेर करता येई.

सरदाराला एकच मुलगी होती. ती घोड्यावर बसे, बाण मारे आणि बापाला अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून हाका मारी. तिला तेरावे सरत आले होते.

बहिणीला भेटायला सरदार वर्षातून एकदा जाई. मध्ये पडदा असे आणि त्याला गुडघे टेकून बसावे लागे. त्या वर्षी बहीण पडद्याआडून हळूच म्हणाली, “दादा, पोरीला खोकला आहे असं सांग.”

“कसला खोकला? चांगली ठणठणीत आहे ती.”

“म्हणूनच सांग. खोकणाऱ्या मुलीला दारातूनच परत पाठवतात. मला इथे येऊन चोवीस वर्षं झाली. एकदा कुणी नावाने हाक मारली असेल तर शपथ. तूसुद्धा नाही.”

राणीला नावाने हाक मारायची परवानगी सरदाराला नव्हती.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितले. मुलीने ते ऐकलेच.

“बाबा, हे बघा, जमतोय का?” असे म्हणून ती खोकली. दोन छोटे खोकले आणि एक लांबलचक. अंगणातली घोडी कान टवकारून बघू लागली.

“वा गं वा! थेट आपला म्हातारा आचारी,” आई म्हणाली.

सगळे हसले. सरदारही हसला.

निवडीच्या दिवशी राजवाड्याच्या दारात ओळखीचाच अधिकारी होता. तो एकेकाळी सरदाराच्या हाताखाली होता, आणि त्यालाही मुली होत्या. त्याने विचारले, “मुलीला काही दुखणं, सरदार? खोकला वगैरे?” आणि तो मुद्दाम थांबला.

सरदाराने मुलीकडे पाहिले. ती तोंडाशी हात धरून बापाच्या खुणेची वाट बघत होती. मग त्याची नजर पलीकडे उभ्या असलेल्या एका सरदाराच्या टोपीवर गेली. त्या टोपीवर लाल मणी होता.

“नाही,” तो म्हणाला. “तिला कधीच खोकला झाला नाही.”

मुलीने हात खाली घेतला.

ती निवडली गेली. वर्षभरात राणी झाली. सरदाराच्या टोपीवर लाल मणी आला आणि लोक त्याला सम्राटाचा सासरा म्हणू लागले.

पहिल्या भेटीला तो पडद्यापुढे गुडघे टेकून बसला.

“राणीसाहेब बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत,” राणीच्या वतीने दासीने उत्तर दिले.

मग पडद्याआडून खोकला आला. दोन छोटे खोकले आणि एक लांबलचक.

सरदाराच्या जिभेवर मुलीचे नाव आले. त्याने ते गिळले.

“राणीसाहेबांना बरं नाही,” दासी म्हणाली. “भेट संपली.”

“काही झालेलं नाही त्यांना. मला ठाऊक आहे. तिला कधीच...”

उठताना त्याचे गुडघे साथ देईनात. दोन सेवकांनी त्याला धरून उभे केले, टोपी सरळ केली आणि बाहेर आणून सोडले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो पुन्हा दगडी अंगणात उभा होता. दुसरीकडे कुठे जावे, हे त्याला आता सुचत नव्हते.

तात्पर्य: ज्या मोठेपणात आपल्या माणसाला नावाने हाक मारता येत नाही, तो मोठेपणा नसून ताटातूट असते.

खालून आई मला बोलावते आहे. ताईला बघायला येणारे ते फार मोठ्या घरचे पाहुणे आले वाटते. जाते मी. एवढेच लिहायचे राहिले, की आज सकाळपासून ताईला थोडा...