बोटाला कळणारा मासा

डोहाकाठच्या करंजाखाली एका इवल्याशा झोपडीत सोनकी आणि तिचे आबा राहायचे. त्यांच्या पातळ पेजेत भाताची शितं शोधावी लागायची. पूर्वी आबा गळाच्या तंगुसाच्या दोरीवर नुसतं बोट ठेवून पाण्याखालचा मासा ओळखत. पण हात थरथरू लागले आणि त्यांनी गळ कोपऱ्यात उभा केला. सोनकी शिकवा म्हणाली, की ते म्हणत, असल्या हातानं काय शिकवू, पोरी? आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

एका सकाळी पाणी भरताना सोनकीला लव्हाळ्यात काहीतरी लुकलुकताना दिसलं. ती बोटाएवढी परी होती. निळेशार पंख, रुपेरी झगा, केसांत दवाचे थेंब. कुणीतरी टाकलेल्या जुन्या दोरीत ती बिचारी गुरफटली होती. सोनकीनं एकेक वेढा हळुवार सोडवला. तिची बोटं काचली, पण नाजूक पंखांना तिनं धक्का लागू दिला नाही.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "मात्र मिळेल ते सूर्य बुडेपर्यंतच राहील. त्याआधी जे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाईल, तेवढंच कायमचं. आणि ही अट कुणाला सांगायची नाही."

भाताची हंडी माग, असं पोट म्हणत होतं. सोनकी म्हणाली, "माझ्या आबांचा हात स्थिर होऊ दे."

आबा गळ घेऊनच बाहेर आले. दिवसभर डोह हिरवा-सोनेरी झळाळत होता आणि टोपलीत खवलीचे रुपेरी मासे उड्या मारत होते. सोनकीनं तीनदा विचारलं, मी धरू का? आबा तिन्ही वेळा म्हणाले, थांब गं, हा एवढाच. सूर्य पलीकडच्या बांबूंना टेकला. सोनकी गळ मागायला पुढे सरकली. पण आबा किती दिवसांनी हसत होते. तिच्यानं त्यांना थांबवेना.

मग आबांनी सहज मागे पाहिलं. दोरीचं सैल टोक मागे लोळत होतं. त्यावर बोट ठेवून, डोळे मिटून सोनकी ऐकत बसली होती.

"वेडे, तिथं काय कळणार?" आबा म्हणाले. त्यांनी तिला पुढ्यात घेतलं, तिचं बोट ताणलेल्या दोरीवर ठेवलं. "चुटुक-चुटुक टोचते ती खवली. हळूच पदर ओढल्यासारखी ओढते ती वाम. आणि मरळ..."

सूर्य बुडाला. आबांचा हात थरथरू लागला.

"गेलं गं," ते पुटपुटले.

"आबा," सोनकी कुजबुजली, "दाराआड कुणीतरी कडी धरून उभं असावं, तसं लागतंय."

आबा दोरीकडे वाकले. "अगदी तशीच. हीच मरळ. ओढ आता."

काळीभोर मरळ वर आली. तिच्यामागून शेंदरी, चिमुकली पिल्लं पाण्यावर भिरभिरू लागली. सोनकीनं आबांकडे पाहिलं आणि अलगद गळ काढून मरळ पाण्यात सोडली.

"शिकलीस," आबा म्हणाले. त्यांचा हात अजून थरथरत होता, पण त्यांनी तो लपवला नाही. "उद्या लवकर ऊठ. गाठ तू बांधायची, बाकीचं मी सांगेन."

लव्हाळ्यातून परी वर आली आणि सोनकीच्या बोटाला टेकली. पिल्लं जपणाऱ्या बोटाला हा डोह कधी उपाशी ठेवणार नाही, असं ती गोड आवाजात म्हणाली. मग निळा उजेड पाण्यावर पसरला, पिल्लापिल्लावर चमकला, आणि परी त्यातच विरून गेली.